तीन रंगांचा हिशेब : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

शालेय पुस्तकांतून आपणा सर्वांना परिचित असलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हणजे हाती दिवा घेऊन रात्रीच्या वेळी आजारी शिपायांच्या खाटांमधून फिरणाऱ्या परिचारिका. हे चित्र खोटे नव्हे. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या इस्पितळात त्या खरोखरच अशा फिरत असत. परंतु युद्धावरून त्या परतल्या तेव्हा त्यांचे वय अवघे ३६ वर्षांचे होते आणि त्या वारल्या वयाच्या ९० व्या वर्षी. मधल्या ५४ वर्षांत त्यांनी काय केले, ह्याविषयी शालेय पुस्तक बहुधा मौन पाळते. त्या काळात त्यांच्यासमोर खाटांच्या रांगा नसून आकड्यांचे ढीग होते. त्या ढिगांतून १८५८ साली त्यांनी एक आकृती सिद्ध केली. तीत तीनच रंग आहेत : निळा, लाल आणि काळा. कोणता रंग कशासाठी राखावयाचा आणि त्याला किती जागा द्यावयाची, ह्याचा इतका कठोर विचार करून काढलेला आलेख त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. त्यातही विशेष हे की, ज्या मृत्यूंना बाईंनी निळा रंग दिला त्यांतील पुष्कळसे ज्या इस्पितळात घडले, तेथील परिचर्येची व्यवस्था स्वतः बाईंच्याच हाती होती.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. आईवडील लग्नानंतर दीर्घ प्रवासाला निघाले होते. थोरली मुलगी नेपल्सला झाली म्हणून तिचे नाव त्या शहराच्या प्राचीन ग्रीक नावावरून पार्थेनोपी ठेवले, आणि धाकटी फ्लॉरेन्सला झाली म्हणून ती फ्लॉरेन्स. घराणे चांगले सुखवस्तू. डर्बीशायरमध्ये एक घर, हँपशायरमध्ये दुसरे. वडील विल्यम नाइटिंगेल ह्यांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकविले : लॅटिन, ग्रीक, इतिहास, तत्त्वज्ञान. फ्लॉरेन्सचा ओढा मात्र गणिताकडे. विसाव्या वर्षी तिने गणिताच्या शिकवणीसाठी हट्ट धरला तेव्हा आईला तो मुळीच मानवला नाही. श्रीमंताघरच्या उपवर मुलीला समीकरणांचा काय उपयोग, असा त्या काळचा साधा विचार होता, आणि तो केवळ इंग्लंडातच होता असेही नाही. अखेर एका आत्याने मध्यस्थी केली व शिकवणी सुरू झाली.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८३७ साली, आपणांस ईश्वराने सेवेसाठी बोलाविले आहे असे तिला वाटले. सेवा कोणती, हे ठरावयास पुढे कित्येक वर्षे गेली. परिचारिकेचे काम त्या काळी अशिक्षित बायकांचे मानले जाई; घरच्यांनी ते नाव काढू दिले नाही. ह्या कोंडलेल्या वर्षांत ती पहाटे उठून मेणबत्तीच्या उजेडात इस्पितळांचे व सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचीत बसे, टिपणे काढी, आणि न्याहारीची घंटा झाली की खाली येऊन सुशील कन्येसारखी वागे. लग्नाची चांगली मागणी तिने नाकारली. १८५१ साली जर्मनीत कैझर्सवर्थ येथे जाऊन तिने सुमारे तीन महिने परिचर्येचे शिक्षण घेतले, आणि १८५३ साली लंडनमध्ये आजारी स्त्रियांच्या एका लहान संस्थेची ती व्यवस्थापिका झाली. वय ३३.

१८५४ च्या मार्चमध्ये ब्रिटन रशियाविरुद्धच्या युद्धात उतरले. लढाई काळ्या समुद्राच्या उत्तरेस क्रिमियात, आणि मुख्य लष्करी इस्पितळे समुद्रापलीकडे, कॉन्स्टँटिनोपलसमोर स्कुटारी येथे. हे गाव आज इस्तंबूलच्या उस्कुदार भागात मोडते. जखमी व आजारी शिपाई जहाजांतून तेथे आणीत. तेथल्या दुरवस्थेची वर्णने टाइम्स वृत्तपत्रात येऊ लागली तेव्हा लंडनमध्ये एकच गदारोळ झाला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल कुटुंबाचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांचा मेळा घेऊन फ्लॉरेन्स नाइटिंगेल निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीस पोचल्या. ह्यापुढे आपण त्यांना बाईच म्हणू.

इस्पितळ म्हणजे मूळची एक अवाढव्य तुर्की बराक. खाली तुंबलेली गटारे, वर मैलांच्या हिशेबाने मोजाव्यात अशा खाटांच्या रांगा. बाईंनी कपडे धुण्याची सोय केली, स्वयंपाकघर उभारले, सदरे, चादरी, ब्रश, साबण मिळविले. लष्करी डॉक्टरांची नाराजी सोसली. आणि इतके सगळे होऊनही त्या हिवाळ्यात माणसे मरतच राहिली, किंबहुना अधिकच मरू लागली. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीच्या इस्पितळांत उपचारासाठी आलेल्या शंभरांपैकी सुमारे ४२ दगावले. मार्चमध्ये सरकारने पाठविलेले आरोग्य आयुक्त जॉन सदरलँड व रॉबर्ट रॉलिन्सन तेथे आले. त्यांनी गटारे धुऊन काढली, पिण्याच्या पाण्याच्या पाटात पडलेले मेलेले जनावर बाहेर काढविले, भिंतींना चुना दिला, कोंदट दालनांत हवा खेळती केली. जूनपर्यंत शेकडा ४२ चे प्रमाण शेकडा २ वर आले.

येथे चरित्रकारांत मतभेद आहे. ह्यू स्मॉल ह्यांनी १९९८ साली असे मांडले की, माणसे कशाने मेली ह्याचा खरा उलगडा बाईंना युद्धात झालाच नव्हता. उपासमार, थकवा आणि रसद खात्याची हलगर्जी हीच कारणे त्या धरून बसल्या होत्या, आणि मायदेशी परतल्यावर आकडे तपासताना इस्पितळाच्या घाणीने सर्वांत मोठा बळी घेतला हे त्यांना कळले. इतर अभ्यासकांना हे सगळे मान्य नाही. एवढे मात्र निर्विवाद आहे की, १८५६ च्या ऑगस्टमध्ये बाई गाजावाजा टाळून इंग्लंडात परतल्या, सत्कार नाकारले, आणि मेलेल्या शिपायांच्या नोंदी मागवून घेतल्या. पुढच्या वर्षी त्यांची प्रकृती पार ढासळली. क्रिमियात जडलेल्या तापाचा तो परिणाम असावा. आजचे वैद्यक त्याला बहुधा ब्रूसेलोसिस म्हणेल. ह्यानंतरची कित्येक वर्षे त्यांनी बरेचसे काम बिछान्यातूनच केले.

ह्या कामात त्यांना जोड मिळाली ती विल्यम फार ह्यांची. फार हे इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीतील संख्याशास्त्रज्ञ. १८४८-४९ च्या कॉलऱ्यावरचा त्यांचा अहवाल १८५२ साली निघाला होता आणि त्यात वर्तुळाकार आलेख होते. गंमत अशी की, अहवाल जितका रुक्ष तितका चांगला, असे फार ह्यांचे मत होते. बाईंचे तसे नव्हते. मंत्री, खासदार आणि राणी ह्यांपैकी कोणीही मृत्यूची कोष्टके वाचणार नाही, हे त्या ओळखून होत्या. चित्र असेल तर निदान राणी त्याकडे नजर टाकील, अशी त्यांची थोडी खट्याळ अटकळ होती.

आलेखाला रंग देण्याची कल्पना बाईंची नव्हे. विल्यम प्लेफेअर ह्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापारी आकड्यांचे रेषालेख व स्तंभालेख छापले, आणि १८०१ च्या पुस्तकात युरोपातील राष्ट्रे वर्तुळांनी दाखविताना दर्यावर्दी सत्तांना हिरवा व केवळ भूमीवर बलाढ्य असलेल्यांना फिकट लाल रंग दिला. म्हणजे रंगाने अर्थ सांगावयाचा, शोभा आणावयाची नव्हे, हे सूत्र तेथेच आले. आजच्या दृष्टीने पाहता प्लेफेअरच्या निवडीत एक उणीव आहे : लाल-हिरव्यातला भेद न कळणारे डोळे पुरुषवर्गात बरेच असतात. बाईंचे तीन रंग अशा डोळ्यांनाही बहुतांशी निरनिराळे दिसतात.

आता ती आकृती. पूर्वेकडील सैन्यातील मृत्यूंची कारणे हा तिचा विषय. कागदावर दोन वर्तुळे आहेत. उजवीकडचे मोठे, ते एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ चे. डावीकडचे लहान, ते एप्रिल १८५५ ते मार्च १८५६ चे. दोहोंना जोडणारी एक तुटक रेषा. प्रत्येक वर्तुळाचे बारा महिन्यांसाठी बारा सारखे भाग, म्हणजे प्रत्येकी ३० अंशांची पाकळी. प्रत्येक महिन्यात तीन पाकळ्या, आणि तिन्हींचे टोक एकच, वर्तुळाचा मध्य. निळी पाकळी टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांची : कॉलरा, हगवण, टायफस असे सगळे, ज्यांना त्या काळी झायमॉटिक ह्या एका नावाखाली घालीत. लाल पाकळी जखमांनी मेलेल्यांची. काळी इतर सर्व कारणांची.

पुष्कळजण ही आकृती चुकीची वाचतात, पुस्तकांतूनही. त्यांना वाटते की आधी एक रंग, त्याच्या पुढे दुसरा, त्याच्या पुढे तिसरा, असे थर आहेत. तसे नाही. प्रत्येक रंग मध्यापासूनच मोजावयाचा. पाकळ्या एकमेकींवर पडलेल्या आहेत. म्हणूनच नोव्हेंबर १८५४ मध्ये, जेव्हा लाल पाकळी काळीहून मोठी झाली, तेव्हा काळीची हद्द लाल रंगावर एका काळ्या रेषेने दाखवावी लागली. ऑक्टोबर १८५४ मध्ये लाल व काळी जवळजवळ सारख्या (१३२ आणि १२८ मृत्यू), तेव्हा दोहोंची हद्द एकच धरली आहे. ह्या साऱ्या गोष्टी बाईंनी आकृतीखालीच लिहून ठेवल्या, आणि निळी, लाल व काळी कडारेषा धरून क्षेत्रांची तुलना करावी असेही सुचविले. वाचणाऱ्याला संशयाला जागा राहू नये ह्याची ही काळजी पाहिली की आपल्या परीक्षेतल्या आलेखांची आठवण होऊन थोडे ओशाळल्यासारखे होते.

एक महिना स्वतः करून पाहावा : जानेवारी १८५५. सैन्याची सरासरी संख्या ३२,३९३. निळ्या कारणांनी मृत्यू २,७६१, जखमांनी ८३, इतर ३२४. दर हजारी वार्षिक प्रमाण काढले तर निळे येते १०२२.८, लाल ३०.७, काळे १२०. पहिल्या आकड्याचा अर्थ असा की, तो महिना तसाच वर्षभर चालू राहिला असता तर सगळे सैन्य तर संपले असतेच, पण रिकाम्या जागी आलेल्यांतलेही काही मेले असते. आता पाकळीचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून त्रिज्या घ्यावयाची ती ह्या आकड्यांच्या वर्गमुळाएवढी : सुमारे ३२, ५.५ आणि ११. कंपास घेऊन ३० अंशांच्या कोनात ह्या तीन त्रिज्या मारल्या की बाईंचा जानेवारी हाती येतो. निळी पाकळी लालच्या ३३ पट दिसते, कारण ती खरोखरच ३३ पट आहे.

ह्यामागेही एक इतिहास आहे. आधीच्या एका आकृतीत बाईंनी आकड्यांइतकी त्रिज्याच घेतली होती. वटवाघळाच्या पंखासारखी दिसणारी ती आकृती भयंकर परिणामकारक होती, परंतु तीत ३३ पटींचा फरक डोळ्यांना हजार पटींहून मोठा भासला असता. बाईंचा पक्ष जिंकावयाचा तर ही अतिशयोक्ती त्यांच्याच उपयोगाची होती. तरीही त्यांनी ती सोडली आणि पुढच्या आकृतीत क्षेत्रफळाचा हिशेब धरला. माझ्या मते बाईंच्या प्रामाणिकपणाचा ह्याहून मोठा पुरावा शोधण्याचे कारण नाही.

मोठ्या वर्तुळावर नजर फिरवू लागलो की रंग बोलू लागतात. जुलै १८५४ : निळे ३५९, लाल शून्य. ऑगस्ट : निळे ८२८, लाल १. क्रिमियाच्या भूमीवर ब्रिटिश सैन्याने अद्याप पाऊलही ठेवलेले नाही, आणि ह्या दोन महिन्यांत जवळजवळ बाराशे माणसे कॉलऱ्याने व तत्सम रोगांनी गेलेली आहेत. सप्टेंबरात आल्मा, ऑक्टोबरात बालाक्लावा, नोव्हेंबरात इंकरमन. कवितांतून व तैलचित्रांतून अजरामर झालेल्या ह्या लढाया आकृतीत लाल रंगाची एक बारीकशी पाचर होऊन बसल्या आहेत. मग डिसेंबरचे निळे १,७२५, जानेवारीचे २,७६१, फेब्रुवारीचे २,१२०. मोठ्या लढाईविना. बारा महिन्यांचा जमाखर्च असा : निळे ११,१५७, लाल ७७२. रणांगणावर जागीच ठार झालेले शिपाई ह्या हिशेबात धरलेले नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु ते धरूनही साऱ्या युद्धात रोगांचे पारडे तिपटीहून जड राहते.

डावीकडच्या लहान वर्तुळात निळी पाकळी, मधले काही चढउतार सोडल्यास, आखडत जाते. चोवीस महिन्यांत एकदाच, सप्टेंबर १८५५ मध्ये, लाल निळ्याच्या पुढे जाते (२७६ आणि १८९). त्या महिन्यात सेवास्तोपोलवर अखेरचा हल्ला झाला. युद्ध म्हटल्यावर सामान्य माणसाची जी कल्पना असते, म्हणजे शिपाई शत्रूच्या गोळीने मरतो, ती दोन वर्षांत एकाच महिन्याला लागू पडली. आणि मार्च १८५६ मध्ये, ४६ हजारांच्या सैन्यात, निळे मृत्यू १५.

हा परिणाम कशामुळे साधतो? रंग महिन्याला दिलेला नाही, कारणाला दिलेला आहे. आपल्याकडे आता संगणकावर एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये आकडे भरले की क्षणात आलेख तयार होतो, आणि रंग यंत्रच भरते. ते रकान्यांच्या क्रमाने भरते. पहिल्या रकान्याला पहिला रंग, दुसऱ्याला दुसरा. पहिल्या रकान्यात जखमा आहेत की कॉलरा आहे, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय प्रत्येक बिंदूला निराळा रंग देण्याची सोय असते, आणि आमचे विद्यार्थी प्रकल्पाच्या वहीत ती हौसेने वापरतात : बारा महिन्यांचे बारा स्तंभ, बारा रंगांत, जत्रेतल्या पाळण्यासारखे सुंदर. एप्रिल जांभळा का आणि मे पिवळा का, ह्याचे उत्तर मात्र कोणापाशी नसते. बाईंनी असे केले असते तर वर्तुळ नेत्रसुखद झाले असते आणि निळ्याचा आरोप त्या इंद्रधनुष्यात कोठल्या कोठे विरून गेला असता. त्याच स्प्रेडशीटमध्ये एकाच स्तंभावर दोनदा टिचकी मारून तेवढ्याचाच रंग पालटता येतो, बाकीचे सर्व करडे ठेवता येतात. ही सोय फार कमी जण वापरतात, कारण तीसाठी आपल्याला नेमके काय दाखवावयाचे आहे हे आधी ठरवावे लागते.

बाईंचे ते ठरलेले होते. लाल रंग रक्ताचा, म्हणून जखमांना तो सहज सुचतो. युद्धाच्या चित्रात लाल रंग भरून राहील अशी पाहणाऱ्याची अपेक्षा असते, आणि येथे लाल शोधावा लागतो. काळा रंग मृत्यूचा सर्वसामान्य रंग. तो त्यांनी किरकोळ कारणांना देऊन टाकला. राहिलेला निळा, शांत, थंड, तो सगळीकडे पसरलेला. जुन्या प्रतींत तो आता फिकटून करडा पडला आहे, तरी त्याचे क्षेत्र लपत नाही.

आणि ह्या निळ्यात स्कुटारीचा हिवाळा होता. राष्ट्राने ज्या कामासाठी बाईंना डोक्यावर घेतले, त्याच महिन्यांच्या पाकळ्या सर्वांत मोठ्या. रुग्णांना आघाडीवरून जहाजाने ह्या मोठ्या इस्पितळात आणणे म्हणजे पुष्कळदा त्यांना मरणाच्या दारी आणणे होते, हे आकडे सांगत होते. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी गाळून, किंवा सगळ्या रोगांना काळ्यात ढकलून, एक सौम्य आकृती काढणे त्यांना अवघड नव्हते. त्यांच्या कीर्तीला तेच सोयीचे होते. सरकारलाही. त्यांनी निळ्याला टाळता येण्याजोगे हे विशेषण लावले. त्या एका शब्दाने डॉक्टर, अधिकारी, मंत्री आणि स्वतः बाई हे सर्वच उत्तरास बांधले गेले.

१८५७ साली सैन्याच्या आरोग्याविषयी राजनियुक्त आयोग नेमला गेला. अध्यक्ष सिडनी हर्बर्ट. बाईंनी आयोगापुढे प्रत्यक्ष साक्ष न देता लेखी उत्तरे दिली, आणि पडद्याआडून त्याचे बरेचसे काम केले. ह्याच कामातला दुसरा एक आलेख साध्या पट्ट्यांचा आहे. काळी पट्टी सामान्य इंग्लिश पुरुषांच्या मृत्युप्रमाणाची, खालची लाल पट्टी मायदेशी, शांततेच्या काळात, बराकीत राहणाऱ्या शिपायांची. २० ते २५ वयोगटात सामान्य माणसे हजारी ८.४ मरत, शिपाई १७. शिपाई तर निवडून घेतलेले, धडधाकट तरुण! प्रत्येक वयोगटात लाल पट्टी काळीहून लांब. म्हणजे मारणारी गोष्ट रशियात नव्हती, बराकीच्या भिंतींआड होती. येथे लाल रंगाचा अर्थ बदलला आहे हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात येईल. प्रत्येक आकृतीत रंगाचा अर्थ पुन्हा लिहून द्यावा लागतो तो ह्यासाठीच.

परिणाम झाला. बराकी सुधारण्यासाठी, लष्करी मृत्यूंची नीट आकडेवारी ठेवण्यासाठी, लष्करी वैद्यकीय विद्यालयासाठी समित्या नेमल्या गेल्या. १८६० साली ते विद्यालय सुरू झाले. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने बाईंना सभासद करून घेतले. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद. १८६० साली लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे त्यांनी सर्व इस्पितळांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात अशी योजना मांडली. त्याच वर्षी लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात त्यांच्या नावाची परिचारिकांची शाळा निघाली. तिची हकीकत सर्वश्रुत आहे.

आपल्या देशाशी बाईंचा संबंध आला तोही आकड्यांतून. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यासाठी १८५९ साली दुसरा राजनियुक्त आयोग बसला. बाईंनी प्रश्नावल्या तयार केल्या आणि त्या मुंबई, मद्रास व बंगाल ह्या तिन्ही इलाख्यांतील छावण्यांकडे गेल्या. आलेल्या उत्तरांच्या अक्षरशः पेट्या भरल्या. पाणी कोठून येते, गटार कोठे जाते, बराकीत माणशी जागा किती, असे सगळे त्यात होते. १८६३ साली अहवाल निघाला. येथील युरोपीय शिपायांचे मृत्युप्रमाण दीर्घकाळ हजारी ६९ राहिले होते, आणि त्याचा दोष हिंदुस्थानच्या हवेला देण्याची सर्वांना सवय होती. बाईंनी दोष हवेचा नसून गटारांच्या अभावाचा आहे असे दाखविले. दहा वर्षांनी, १८७३ साली, हे प्रमाण हजारी १८ वर आल्याचे त्यांनी लिहिले.

सुरुवातीस हे सर्व गोऱ्या शिपायांपुरते होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. राज्यकर्त्यांना शिपाई जगविण्याची निकड होती. परंतु छावणी निरोगी करावयाची तर शेजारचा बाजार आणि गावही निरोगी झाले पाहिजे, हे बाईंना आकड्यांनीच शिकविले, आणि तेथून त्या रयतेपर्यंत आल्या. दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी पाश ह्यांवर त्या लिहू लागल्या. १८७८ साली त्यांनी हिंदी जनतेवर लिहिलेला लेख लंडनच्या मासिकात गाजला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी ह्यांच्या चरित्राला १८९२ साली त्यांनी प्रस्तावना लिहिली. ह्या देशात मात्र त्या कधीच आल्या नाहीत. बिछान्यातून पाहिलेला हा देश त्यांना बराचसा कोष्टकांतून दिसला, आणि कोष्टकातून दिसणाऱ्या गोष्टींना मर्यादा असतात. तरी येथे वर्षानुवर्षे राहून गेलेल्या कित्येक साहेबांपेक्षा त्यांना अधिक दिसले, असे म्हणावेसे वाटते.

म्हातारपणी त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. १८९१ साली त्यांनी फ्रान्सिस गॉल्टन ह्यांना लिहून ऑक्सफर्ड विद्यापीठात उपयोजित संख्याशास्त्राचे अध्यासन काढण्याची खटपट केली. राज्य चालविणाऱ्या माणसांना आकडेवारी गोळा करता येते, पण वापरता येत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती. योजना बारगळली. ज्या मंत्र्यांसाठी त्यांनी रंगीत आकृत्या काढल्या, त्यांच्या मुलांना आणि नातवांना साध्या आकृत्या वाचावयास शिकवावे, एवढेच त्यांना हवे होते.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. १९०७ साली राजाने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान दिला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, परंतु तोवर त्यांना भोवतालचे फारसे भान राहिले नव्हते. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा मान देऊ केला होता, तो नातेवाइकांनी नाकारला. हँपशायरमधील ईस्ट वेलो गावच्या लहानशा चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ त्यांना पुरले. थडग्यावर पूर्ण नाव नाही. नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच कोरलेले आहे.